दर वर्षी क्लच प्लेट जाते? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

वर्षभरात दुसरी, नाहीतर दोन वर्षांत तिसरी क्लच प्लेट टाकायची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पहिलीच प्लेट ७०-८० हजार किलोमीटर चालून गेली असेल तर काळजी करू नका. नवा सेट (प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग) टाका आणि गाडी चालवा. पण नवी प्लेट १०-१५ हजारांत संपत असेल, तर तिला संपवणारं काहीतरी गाडीत तसंच बसून आहे. ते सापडेपर्यंत पुढची प्लेटही त्याच वाटेने जाणार.

इंदूरला माझं छोटं गॅरेज आहे, २३ वर्षं झाली. मारुती ८००, झेन, जुनी अल्टो, पहिल्या पिढीची वॅगन आर अशा वायरीच्या क्लचच्या गाड्या माझ्याकडे जास्त येतात, म्हणून पुढचं बरंचसं त्यांना धरून आहे. हायड्रॉलिक क्लचचं वेगळं सांगतो. सुरुवातीची काही वर्षं मीही प्लेट जळली की प्लेट बदलून मोकळा व्हायचो. तीच गाडी वर्षाने परत दारात आली की फार वाईट वाटायचं. छोट्या गाडीलाही सेट आणि मजुरी मिळून सहा-सात हजार जातात, आणि घरातल्या एकुलत्या गाडीसाठी ते दर वर्षी काढणं सोपं नसतं. तेव्हापासून मी नियमच केला: जुनी प्लेट का गेली हे कळल्याशिवाय नवी बसवायची नाही.

लक्षणं

‘क्लच गेला’ एवढ्या दोन शब्दांत लोक पाच वेगवेगळे बिघाड सांगतात. आपला कोणता, हे आधी ठरवा.

क्लच घसरतो म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी तेवढी पळत नाही. हे चढावर आणि वरच्या गिअरमध्ये आधी जाणवतं. सोबत जळका, नाकात बसणारा वास येतो. खात्री करायची तर पहाटे सुपर कॉरिडॉरसारख्या मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ३५-४० च्या वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आवाज आधी पळाला आणि वेग मागे राहिला, तर क्लच घसरतोय. हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडून बघायची एक पद्धत आहे. तीही चालते, पण एकदाच करा. चार-पाच वेळा केलीत तर राहिलेली प्लेटही जाईल.

क्लच सुटत नाही, हा याच्या उलट बिघाड. पेडल पूर्ण दाबूनही गिअर अडतो, पहिला टाकताना धक्का बसतो. इंजिन चालू ठेवा, पेडल पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. कर्र वाजलं तर प्लेट अजून फिरते आहे.

तिसरं, गाडी उचलताना, म्हणजे जागेवरून काढताना, थरथरते. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना सगळी गाडी हलते, मग ठीक होते.

चौथं आवाजाचं. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, संशयित. उलट, पाय काढल्यावर आवाज येत असेल आणि दाबल्यावर बंद होत असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग बघावं लागतं. तिथे क्लचचा सेट बदलून काही होणार नाही. हा फरक न कळल्यामुळे चांगले सेट फुकट बदललेले मी पाहिले आहेत.

पाचवं, पेडल. ते जड झालं असेल, अडकत परत येत असेल, किंवा क्लच अगदी वर, पाय जवळजवळ सुटल्यावर पकडत असेल, तर हे लिहून ठेवा. पुढे लागेल.

लिहायचं म्हणालो ते मनापासून. आतापर्यंतची प्रत्येक प्लेट किती किलोमीटरला गेली ते बिलं काढून एका कागदावर मांडा. प्रत्येक प्लेट साधारण सारख्याच अंतरावर जात असेल, समजा १२ हजार, १४ हजार, १३ हजार, तर कारण सतत काम करणारं आहे: पेडलची चाल, वायर, ब्रेक चिकटणं, पायाची सवय. एक ४० हजार चालली आणि पुढची ३ हजारांत गेली, तर बसवण्यात किंवा सामानात चूक असण्याची शक्यता जास्त. नवी टाकून आठ-पंधरा दिवसांत घसरू लागली, तर आधी तेल गळतीकडे आणि वायरीच्या ताणाकडे बघा. या एका कागदाने निम्मा शोध संपतो.

फुकटातल्या तपासण्या

पायाखालची मॅट उचला. खरंच. रबरी मॅटवर फोमची, तिच्यावर पावसाळ्यातली प्लास्टिकची, अशा तीन थरांमुळे पेडल शेवटपर्यंत जात नाही, क्लच पूर्ण सुटत नाही. मग गिअर अडतो म्हणून मेकॅनिक वायर ताणतो, आणि ताणलेल्या वायरीने प्लेट जळते.

त्यानंतर चालवणाऱ्याचा पाय. इथे मला एक गोष्ट स्पष्ट म्हणायची आहे. प्लेट लवकर गेली की ‘तुम्ही हाफ क्लच मारता’ असं ग्राहकाला सांगून मोकळं होण्याची आमच्या धंद्यात सवय आहे. ताई-काकू गाडी चालवत असतील तर आणखीच. हे अन्यायाचं आहे. त्याच माणसाने आधीची गाडी एका प्लेटवर आठ वर्षं चालवली असेल, तर या गाडीत काय वेगळं आहे ते शोधायला हवं. तरीही सवय तपासायची, कारण ती बदलायला पैसे लागत नाहीत.

शेजारी कोणाला तरी बसवा आणि डाव्या पायाकडे लक्ष ठेवायला सांगा. गिअर बदलून झाल्यावर पाय पेडलवर टेकलेला राहतो का? नुसत्या पायाच्या वजनानेही रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगरवर (मधल्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर) दाबलं जातं आणि प्लेटवरची पकड कमी होते. दुसरी गोष्ट चढावर थांबण्याची. शास्त्री पुलावर संध्याकाळी गर्दी तुंबते तेव्हा कितीतरी गाड्या हँडब्रेक न लावता क्लच-अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरलेल्या असतात. ती दोन मिनिटं प्लेट सलग घासत असते. ओंकारेश्वरच्या वाटेवरच्या भेरूघाटात ट्रक अडकला की तेच, फक्त चढ जास्त आणि गाडीत पाच माणसं. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे आणि ओंकारेश्वरकडचं नर्मदेचं खोरं त्याच्या तीनशे मीटरहून अधिक खाली. श्रावणात तिकडून परत येणाऱ्या गाड्या हा चढ रांगेत, रांगत चढतात. पुढच्या आठवड्यात माझ्याकडे क्लचची कामं वाढतात.

उतरतानाची एक चूक तर फार कमी लोकांना माहीत असते. घाट उतरताना गाडी दुसऱ्या किंवा पहिल्या गिअरमध्ये टाकून क्लच दाबून सोडून देऊ नका. चाकं गिअरबॉक्समधून प्लेटला फिरवतात, आणि खालच्या गिअरमध्ये ती इंजिनाच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त फेऱ्यांनी फिरते. लाइनिंग, म्हणजे प्लेटवरचा घासणारा थर, तुकडे होऊन उडतं. ‘प्लेट फुटली’ म्हणून आलेल्या गाड्यांत मी हे विचारतोच.

फूटपट्टी आणि पेडल

सगळ्यात जास्त प्लेटा मी इथे वाचवल्या आहेत, म्हणून जरा थांबून सांगतो.

पेडल हाताने हळू दाबा. सुरुवातीला काही अंतर ते सहज, विनाजोर जातं; मग जोर लागायला लागतो. या सुरुवातीच्या अंतराला फ्री प्ले म्हणतात. पेडलशेजारी फूटपट्टी उभी धरून तो मोजा. वायरीच्या बहुतेक जुन्या गाड्यांत तो १० ते २० मिलिमीटरच्या आसपास लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत असतो, तोच धरा. काही गाड्यांत वायरीचा ताण आपोआप जुळवणारी रचना असते, तिथे हे मोजमाप लागू नाही.

फ्री प्ले इतका महत्त्वाचा का? प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीकडे) सरकते, आणि तिचे फिंगर उलट बाजूला, रिलीज बेअरिंगकडे, येतात. म्हणजे झिजेबरोबर फ्री प्ले वाढत नाही, कमी होतो. वेळेवर वायर ढिली केली नाही, तर एक दिवस बेअरिंग फिंगरला टेकतं आणि टेकलेलंच राहतं. गाडी चालवणाऱ्याला काही कळत नाही. पाय पेडलवर नाही, तरी क्लच किंचित दाबलेला. तिथून पुढे प्लेट थोडी घसरते, घसरून तापते, तापून आणखी झिजते, आणि झिजल्याने फ्री प्ले आणखी कमी होतो. शेवटचे दोन हजार किलोमीटर फार वेगाने जातात. बेअरिंगही सतत फिरत राहिल्याने आवाज करू लागतं.

यातली नेहमीची चूक माणसाची असते. नवी प्लेट बसवली, गिअर जरा जड वाटला. ग्राहक म्हणाला, ‘भाऊ, क्लच नीट सुटत नाही.’ मेकॅनिकने वायर चार आटे ताणली, गिअर लोण्यासारखा पडू लागला, सगळे खूश. आणि फ्री प्ले शून्य. गिअर जड होण्याचं खरं कारण फोर्क (बेअरिंगला ढकलणारा दुबेळका) वाकलेला असणं, पेडलचं बुश झिजलेलं असणं किंवा प्लेट वाकडी असणं हे होतं. ते तसंच राहिलं. म्हणून गॅरेजमधून गाडी आणली की घरी एकदा फूटपट्टी लावा, आणि पुढे दर पाच हजार किलोमीटरला. जुळवणी गिअरबॉक्सवर फोर्कच्या दांडीशी वायरीच्या टोकाला असलेल्या नटाने होते. साधा पाना पुरतो. नट पूर्ण टोकाला जाऊनही फ्री प्ले मिळत नसेल, तर थांबा. एकतर प्लेट संपली आहे, नाहीतर वायर चुकीच्या लांबीची आहे.

पेडलही बाजूला हलवून बघा. बुश झिजली असतील तर ते डुगडुगतं आणि दाबलेला बराचसा जोर तिथेच वाया जातो. बुश स्वस्त असतात. पेडलमागचा पत्रा मात्र दिवा घेऊन बघा. वीस वर्षांच्या गाडीत वायर जिथून आरपार जाते तिथे पत्र्याला चीर पडलेली मला तीन गाड्यांत सापडली आहे. पेडल दाबलं की पत्राच वाकतो. हे वेल्डिंगचं काम आहे, घरचं नाही.

वायर, आणि इंजिनाची अर्थ पट्टी

वायर फोर्कच्या टोकाकडून सोडवा आणि हाताने आत-बाहेर ओढा. ती विनाअडथळा सरकायला हवी. खरखरली, अडकली तर बदला. कुठे तीव्र वळण आहे का, एक्झॉस्टजवळून जाते का, तेही बघा. नव्या वायरींना आत नायलॉनचं अस्तर असतं. त्यात तेल ओतू नका. तेलाला धूळ चिकटते आणि वायर आणखी जड होते.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी हे लिहायला घेतलं. सुदामानगरचे एक काका, बँकेतून निवृत्त, २००४ सालची छोटी पेट्रोल गाडी. २२ महिन्यांत तीन क्लच प्लेटा आणि तीन वायरी. त्यातल्या दोन मी बसवल्या होत्या. तिसऱ्या वेळी काका म्हणाले, ‘अरे बाबा, मी आता गाडीच विकतो. या वयात मला गाडी चालवता येत नाही असं समजायचं का?’ चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाने हे म्हणावं, याचं मला फार लागलं. मी गाडी दोन दिवस ठेवून घेतली.

दुसऱ्या संध्याकाळी बॅटरी उतरली होती, म्हणून चार-पाच वेळा स्टार्टर मारला. त्याच वेळी माझा हात क्लच वायरीला लागला आणि चटका बसला. इंजिन थंड होतं. थंड इंजिनाशेजारची वायर गरम कशी?

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने बॉडीपासून वेगळं. स्टार्टर चालताना शंभरच्या आसपास, कधी त्याहून जास्त अँपिअर करंट इंजिनात जातो. तो बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत यायला जाड तारेची अर्थ पट्टी असते. या गाडीची पट्टी कधीतरी माउंटिंग बदलताना कोणीतरी काढली आणि परत लावलीच नव्हती. वाट नाही म्हटल्यावर करंट मिळेल त्या धातूतून जातो. इथे ती वाट क्लच वायरीची होती. रोज सकाळी गाडी सुरू करताना वायर तापायची, आतलं अस्तर वितळून चिकटायचं. मग पेडल परत येताना शेवटचं बोटभर अंतर अडायचं, बेअरिंग फिंगरवर टेकून राहायचं, आणि प्लेट जळायची. प्रत्येक वेळी आम्ही जळलेली प्लेट आणि कडक झालेली वायर बदलत होतो. दोनशे-अडीचशे रुपयांची पट्टी कोणी बघत नव्हतं. मीसुद्धा नाही.

ही तपासणी साध्या मल्टिमीटरने घरी होते. डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल पिन इंजिनाच्या उघड्या, स्वच्छ धातूवर. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. त्या वेळी आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थ चांगला. ०.५ च्या वर गेला तर पट्टी काढा, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत करा, गंज जास्त असेल तर नवी लावा. क्लच वायरीबरोबर अ‍ॅक्सिलरेटरची वायरही वारंवार जात असेल, तर मी सगळं सोडून आधी इथेच बघतो.

गाडी अडते कुठे?

क्लचवर ओझं टाकणाऱ्या गोष्टी क्लचच्या बाहेरही असतात. मागचे ब्रेक चिकटलेले असतील, हँडब्रेकची वायर गंजून परत येत नसेल, तर प्रत्येक वेळी गाडी उचलताना प्लेट जास्त घासते. पाच-सहा किलोमीटर ब्रेक कमी वापरत चालवा आणि उतरून चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात न्या. लगेच टेकवू नका. एक चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तो ब्रेक आधी सोडवा. सपाट जागी न्यूट्रलमध्ये गाडी एका माणसाने ढकलता यायला हवी.

मूळ मापापेक्षा मोठे टायर टाकले असतील तर गाडी उचलायला क्लच जास्त घासावा लागतो. सीएनजी किट नंतर बसवलं असेल आणि ट्यूनिंग नीट नसेल, तर इंजिन खालच्या फेऱ्यांत मरतं. चालवणारा ते बंद पडू नये म्हणून नकळत क्लच धरून ठेवतो. तीच गोष्ट जुन्या प्लगांची, बुजलेल्या एअर फिल्टरची. आधी इंजिनाची ओढ सुधारा.

हायड्रॉलिक क्लच असेल तर

इथे वायर नाही. पेडलजवळ मास्टर सिलिंडर, मधे पाइप, गिअरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलिंडर, आणि दाब पोचवायला ब्रेक ऑइल. टाकीतलं ऑइल वारंवार कमी होत असेल तर गळती आहे. पेडलच्या वरच्या बाजूला आतून ओल आणि स्लेव्हच्या रबराखाली ओल, दोन्ही बघा. ऑइल काळं पडलं असेल तर बदला. टाकीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेलं असतं. इंजिन ऑइल यात चुकूनही जाऊ नये, सगळी रबरं फुगतात.

प्लेट जाळणारा खास बिघाड वेगळा: दाब परत न सुटणं. लवचीक पाइप आतून फुगला किंवा मास्टर सिलिंडरचं परतीचं भोक बुजलं, की पेडल सोडल्यावरही थोडा दाब अडकतो. गर्दीत बऱ्याचदा क्लच दाबल्यानंतर घसरायला लागणं आणि गाडी तासभर उभी केली की ठीक होणं, ही त्याची खूण. घसरत असतानाच गाडी बाजूला घेऊन स्लेव्हचा ब्लीड निपल (हवा काढायचा छोटा बोल्ट) किंचित सैल केला, थेंबभर ऑइल उडालं आणि घसरणं थांबलं, तर दोष नक्की कळला. निपल परत घट्ट करा, हवा शिरली असेल तर ब्लीडिंग करावं लागेल, म्हणजे ती हवा काढावी लागेल. हे ऑइल रंगावर पडलं तर रंग उचलतं, लगेच पाण्याने धुवा.

गाडीखाली बघायच्या गोष्टी

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. स्टँड नसतील तर हा भाग गॅरेजमध्येच करा.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या बेल हाउसिंगच्या तळाला बहुतेक गाड्यांत एक बारीक भोक असतं. आधी सगळं पुसून घ्या, रात्रभर खाली पुठ्ठा ठेवा. पातळ, काळं तेल असेल तर क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, मागचं सील गळतंय. घट्ट आणि उग्र वासाचं असेल तर ते गिअर ऑइल, म्हणजे इनपुट शाफ्टचं सील. पुसून घ्यायला सांगतोय त्याला कारण आहे: वरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळलं तरी तेल ओघळत इथेच येतं, आणि लोक गिअरबॉक्स उतरवतात. तेल लागलेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत वापरता येत नाही. लाइनिंगमध्ये मुरलेलं तेल गरम झाल्यावर पुन्हा बाहेर येतं.

मागचं सील बदलूनही पुन्हा गळत असेल तर इंजिनाचा ब्रीदर पाइप बघा. तो बुजला की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि तेल सगळ्यात कमजोर सीलमधून वाट काढतं. नवं सीलसुद्धा त्या दाबापुढे टिकत नाही. पाइप काढून साफ करायला पंधरा मिनिटं लागतात. त्याने फरक पडला नाही आणि ऑइलच्या झाकणातून धूर फकफक येत राहिला, तर पिस्टनच्या रिंग आणि बोअर झिजलेत.

इंजिन माउंटिंगही पाहा. मदतनिसाला इंजिन चालू करून, हँडब्रेक ओढून, पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी जरासा सोडायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीसमोर नाही. इंजिन उडी मारल्यासारखं हललं तर माउंटिंग गेलंय. थरथरीच्या निम्म्या तक्रारी इथे संपतात.

शेवटची तपासणी क्रँकची. इंजिन बंद, किल्ली काढलेली. मदतनीस क्लच दाबेल आणि सोडेल, तुम्ही क्रँक पुली बघा. अगदी सूक्ष्म हालचाल चालते. डोळ्यांना सहज दिसेल इतकी पुली आत-बाहेर होत असेल, तर क्रँकची ही चाल रोखणारे थ्रस्ट वॉशर झिजलेत. मग कोणताही क्लच टाका, टिकणार नाही. हे इंजिन उघडायचं काम आहे.

इथे थांबा

वरचं सगळं तपासून दोष सापडला नाही, किंवा सापडला आणि तो बेल हाउसिंगच्या आत आहे, तर हत्यारं खाली ठेवा आणि चांगल्या मेकॅनिककडे जा. छोट्या गाडीचा गिअरबॉक्सही २५-३० किलोचा असतो, अंगावर आला तर हात-बोटं जातात. शिवाय तो बसवताना इनपुट शाफ्टवर लोंबकळला की नवी प्लेट जागीच वाकते. गाडी मधेच घसरून थांबत असेल, धूर येत असेल, तर चालवत नेऊ नका, ओढून न्या. तापलेल्या फ्लायव्हीलला तडे जातात आणि खर्च दुप्पट होतो.

मेकॅनिककडे गेल्यावर मात्र तिथे थांबा. तो गिअरबॉक्स उतरवेल तेव्हा जुनी प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग मागून घ्या. आतली काळी भुकटी कॉम्प्रेसरने उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला सांगा. जुन्या लाइनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

मग प्लेट उजेडात धरा. दोन्ही बाजू सारख्या, रिव्हेटपर्यंत झिजलेल्या आणि वास नाही: तिचं वय झालं होतं. काचेसारखी चकाकी, बाजूला निळे डाग: घसरून तापली, म्हणजे फ्री प्ले, वायर किंवा पाय. तेलकट, गडद: सील. लाइनिंग तुकड्यांत उडालेलं: घाटातला तो क्लच दाबलेला उतार. मधले स्प्रिंग सैल किंवा हबला तडा असेल, तर इंजिन-गिअरबॉक्स एका रेषेत बसलेले नाहीत. दोघांना जुळवणाऱ्या डॉवेल पिना जागेवर आहेत का विचारा. एखादी पिन कधीच हरवलेली असते. बोटं लावून प्रेशर प्लेटचे फिंगरही तपासा, सगळे एका उंचीला हवेत.

पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या किंवा पाण्यातून काढलेल्या गाडीची प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. अशी प्लेट उघडल्यावर चांगली दिसते, पण इनपुट शाफ्टच्या काट्यांवर (प्लेट ज्यांवर सरकते त्या दात्यांवर) गंज असतो. तो साफ करून उष्णता सहन करणारं ग्रीस अगदी पुसटसं लावायचं. जास्त लावलेलं ग्रीस उडून लाइनिंगवरच बसतं.

बसवताना या गोष्टी डोळ्यांसमोर व्हायला हव्यात. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही नवी. नुसती प्लेट बदलून वाचवलेले पैसे टिकत नाहीत. पुन्हा लाइनिंग मारलेली प्लेट मी घेत नाही. नवी प्लेट जुन्यावर ठेवून व्यास आणि काटे मोजा, एकाच नावाच्या गाडीत मॉडेलनुसार फरक असतो. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा खाचा असतील तर लेथवर घ्यायचं, खोल तडे असतील तर बदलायचं. नव्या डिझेल गाड्यांच्या दुहेरी फ्लायव्हीलला मात्र लेथवर लावू देऊ नका. प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे, हे बहुधा तिच्यावरच छापलेलं असतं. मधोमध बसवायला अलाइनमेंट टूल, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून घट्ट. एक बाजू आधी आवळली की फिंगर वाकतात आणि थरथर नव्या क्लचमध्येच सुरू होते.

गाडी घरी आणल्यावर पहिले ५०० किलोमीटर शहरातच, गाडीवर जास्त ओझं न घेता चालवा; लाइनिंग आणि फ्लायव्हील एकमेकांना घासून बसायला वेळ लागतो. भेरूघाट आणि मानपूरचा घाट तोवर नको. त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा आणि फ्री प्ले दोन्ही कागदावर लिहा. हजार किलोमीटरला पुन्हा फूटपट्टी लावा. सुदामानगरच्या काकांच्या गाडीत बसवल्या दिवशी १५ मिलिमीटर होता, हजारला १३ झाला, तेव्हा वायर दोन आटे ढिली केली. तो कागद काकांनी गाडीच्या कप्प्यात ठेवला आहे, आणि दर पाच हजारांना त्यावर स्वतःच्या हाताने नवा आकडा लिहितात.